कंबरदुखीवर नेमकं काय करावं: गोळ्या, मशीन, व्यायाम, इंजेक्शन की ऑपरेशन?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४२, बैठं काम, चार महिन्यांपासून कंबर दुखतेय. दुखणं कधीकधी उजव्या कुल्ल्यापर्यंत जातं, पण गुडघ्याखाली उतरत नाही. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एल४-एल५ आणि एल५-एस१ इथल्या (कमरेच्या सगळ्यात खालच्या दोन जागच्या) चकत्या, म्हणजे मणक्यांमधल्या गाद्या, फुगल्या आहेत असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी गोळ्या आणि पट्टा दिला, दुसरीकडे ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) आणि मशीनचा शेक झाला, तिसऱ्यांनी मणक्यात इंजेक्शन सुचवलं. घरचे म्हणतात, महिनाभर रजा टाकून झोपून राहा. यातलं कोणतं धरायचं, आणि व्यायाम केला तर चकती आणखी बाहेर येईल का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे व्यायामाकडे माझा कल असणार हे गृहीत धरूनच पुढचं वाचा. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं उत्तर असं: तुमच्यासाठी मुख्य उपचार म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि चालणं. गोळ्या लागल्याच तर थोडे दिवस, आधारापुरत्या. इंजेक्शन आणि ऑपरेशनचा विचार या घडीला नको. ट्रॅक्शन आणि मशीन उद्यापासून बंद केल्या तरी तुमचं काही बिघडणार नाही. आणि महिनाभर झोपून राहणं हा यातला सगळ्यात वाईट सल्ला आहे, मग तो कितीही मायेपोटी दिलेला असो.

पण हे सगळं एका अटीवर. दुखणं साधंच आहे ना, याची आधी खात्री व्हायला हवी. कंबर दुखणाऱ्या दहांपैकी साधारण नऊ जणांत अमुक एका जागेवर बोट ठेवून "हेच कारण" असं सांगता येत नाही. स्नायू, मणक्यांचे छोटे सांधे, चकती, अस्थिबंध यांतलं नेमकं काय किती दुखतंय हे कोणत्याही तपासणीत वेगळं काढता येत नाही, आणि उपचारासाठी ते काढायची गरजही पडत नाही. उरलेल्यांमध्ये कुणाची नस दबलेली असते, क्वचित फ्रॅक्चर, जंतुसंसर्ग किंवा गाठ निघते. तिथे मार्ग पूर्ण वेगळा.

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत आणि बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा येणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं. मणक्याच्या खालच्या भागातल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही लक्षणं आहेत आणि तिथे तास मोजावे लागतात. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, कोणत्याही कुशीवर आराम न पडणारं रात्रीचं दुखणं, पडल्या-झडल्याचा इतिहास, बरेच दिवस स्टिरॉइड चालू असणं, ठिसूळ हाडं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग बाकीचं.

आणखी एक प्रकार वर्षानुवर्षं "साधी कंबरदुखी" म्हणून फिरत राहतो. सकाळी उठल्यावर कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली, हालचाल केली की मोकळी होते, विश्रांती घेतली की पुन्हा धरते, पहाटे दुखण्याने जाग येते, कधी डावा कुल्ला दुखतो तर कधी उजवा. हे बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतं. असं चित्र असेल तर माझ्याकडे नव्हे, संधिवाततज्ज्ञांकडे जा. मणक्याच्या या दाहक संधिवातावर, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसवर, आज चांगली औषधं आहेत आणि ती वेळेत सुरू होणं महत्त्वाचं असतं.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. चार महिन्यांत तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास या कागदाने दिलाय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. ज्यांना कंबरदुखी नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या होत्या, चाळिशीत ५० टक्क्यांच्या, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांच्या. चकतीची झीज म्हणाल तर चाळिशीत ६८ टक्के. म्हणजे तुमच्या वयाच्या, मजेत हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या माणसांना रांगेत उभं करून स्कॅन काढले, तर निम्म्यांच्या हातात तुमच्यासारखाच रिपोर्ट पडेल. रिपोर्ट खोटा नाही. पण तुमचं दुखणं त्या फुगवट्यामुळेच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

चकतीवर सगळं खापर फोडायची सवय जुनी आहे. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा सर्जननी चकतीचा बाहेर आलेला भाग नसेवर दाबून पाय दुखवतो हे दाखवून दिलं. ते बरोबरच होतं, आजही आहे. पण तो शोध पायात उतरणाऱ्या दुखण्याबद्दलचा होता. नुसत्या कंबरदुखीलाही तोच न्याय लावला गेला आणि तिथून गाडी घसरली.

मला स्कॅनपेक्षा टेबलावरच्या पाच मिनिटांतून जास्त कळतं. पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलते. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायात, गुडघ्याखाली कळ गेली तर नस ताणली जातेय असा संशय येतो. पायाचा अंगठा माझ्या हाताविरुद्ध वर खेचायला सांगते: तो लुळा पडला तर एल५ या नसेवर संशय. टाचा उचलून एका पायावर चवड्याने वरखाली व्हायला लावते: ते जमलं नाही आणि टाचेमागे हातोडीने ठोकल्यावर पावलाला बसणारा झटका मंदावलेला असेल तर एस१ या नसेवर. पावलावर कापूस फिरवून दोन्ही बाजूंना सारखं लागतंय का ते विचारते. या सगळ्यात काही सापडलं नाही आणि दुखणं गुडघ्याच्या वरच थांबत असेल, तर रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो, मी नसेचा उपचार करत बसत नाही. तुमची अशी तपासणी झाली का, ते लिहिलेलं नाही. झाली नसेल तर ती आधी करून घ्या.

घरच्यांच्या सल्ल्याकडे वळू. झोपून राहण्याचा प्रश्न १९८६ मध्येच बऱ्यापैकी निकाली निघाला होता. एका अमेरिकी अभ्यासात २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, काहींना सात दिवस अंथरुणावर राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांच्या कामावरच्या रजा ४५ टक्क्यांनी कमी झाल्या आणि बाकी बाबतींत ते सात दिवसवाल्यांच्या मागे नव्हते. पुढे १९९५ मध्ये हेलसिंकीत तीन गट केले: दोन दिवस झोपून राहणारे, कंबरेचे व्यायाम करणारे, आणि दुखेल तेवढं सांभाळून रोजची कामं चालू ठेवणारे. सगळ्यात लवकर सावरले ते तिसऱ्या गटातले. माझ्या व्यवसायाला हा निकाल थोडा झोंबणारा आहे, पण खरा आहे. उसण भरल्यावर पहिल्या काही दिवसांत ठरीव व्यायामाची घाई करण्यात अर्थ नसतो. हिंडत-फिरत राहणं पुरतं.

चार महिने झाल्यावर गणित बदलतं. दुखणं नवं असताना बहुतेक लोक काही आठवड्यांत आपोआप सावरतात, त्यामुळे त्या काळात जे काही केलं त्याला श्रेय मिळून जातं. कुणी पट्टा लावला, कुणी मालिश केली, कुणी इंजेक्शन घेतलं, सगळेच बरे होतात आणि सगळेच आपापल्या उपायाची शपथ वाहतात. तीन महिन्यांनंतर ही आपोआपची सुधारणा मंदावते आणि मग कोणत्या उपायात दम आहे ते दिसायला लागतं.

व्यायामात आहे. जुनाट कंबरदुखीवरच्या २४९ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये आला. उपचार न घेणारे किंवा नेहमीचाच उपचार घेणारे यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभरच्या मापावर सरासरी १५ अंकांनी कमी झालं. पंधरा म्हणजे चमत्कार नव्हे. पण कंबरदुखीच्या जगात एवढी मजल मारणारे उपाय फार नाहीत, आणि गोळीसारखा हा परिणाम संध्याकाळपर्यंत विरून जात नाही.

मग कोणता व्यायाम? इथे लोकांची निराशा होते, कारण प्रकाराप्रकारांत फरक फार थोडा आहे. पिलाटिस, मॅकेंझी, वजनं उचलणं, पाण्यातले व्यायाम, योगासनं, सगळ्यांनी फायदा होतो. २०१७ मध्ये ३२० लोकांवर झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांचा योगाचा वर्ग आणि फिजिओथेरपी यांचे निकाल जवळपास सारखेच लागले. तेव्हा जो व्यायाम तुम्ही सहा महिन्यांनीही करत असाल तो तुमच्यासाठी चांगला. "कोअर (पोट-पाठीचे आतले स्नायू) मजबूत करायलाच हवा, नाहीतर मणका सुटेल" अशी भीती घालून विकला जाणारा व्यायाम मला आवडत नाही. व्यायाम बरोबर असला तरी ती भीती कंबरेला आणखी आखडून ठेवते.

हे डोळ्यांनी पाहायचं तर जुनी कंबरदुखी असलेल्या माणसाला मोजे घालताना बघा. बसायच्या आधीच श्वास कोंडलेला, पोट आवळलेलं, एक हात मांडीवर टेकवलेला, पाठ जराही वाकू न देता तो पाय ओढून वर घेतो. ही काळजी पहिल्या आठवड्यात ठीक होती. चार महिन्यांनी तीच दुखण्याला खतपाणी घालते, कारण पाठीचे स्नायू दिवसभर सुटेच होत नाहीत. माझ्याकडे अशा रुग्णाचा पहिला व्यायाम बहुधा हाच असतो: खुर्चीत बसा, श्वास सोडत पाठ सैल करून हात पावलांकडे जाऊ द्या, दोन क्षण तिथेच राहा, आरामात वर या. आठ-दहा वेळा. पहिल्या दोन वेळा चेहरा कसनुसा होतो, पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत हात बहुधा दोन-चार बोटं खाली गेलेला असतो.

त्यापुढे मी साधारण असं बांधते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. ओणवं होऊन विरुद्ध हात-पाय लांब करणं. आणि दोनेक आठवड्यांनी जमिनीवरून वजन उचलणं: आधी हलकं, मग महिन्याभरात घरातल्या भरलेल्या पिशवीएवढं. उचलणं अनेक जण कायमचं टाळतात आणि मग एखाद्या दिवशी नाइलाजाने उचलावं लागतं तेव्हा कंबर धरते. सराव नसलेली गोष्ट दुखणारच.

चालण्याचं माप वेळेने ठरवा, दुखण्याने नाही. वीस मिनिटांनी कंबर बोलायला लागत असेल तर बारा मिनिटांपासून सुरुवात, दिवसातून दोनदा, आणि दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढ. कंबर छान वाटते म्हणून एखाद्या दिवशी तासभर चालून यायचं नाही, आणि थोडी कुरकुरते म्हणून सुट्टीही घ्यायची नाही. व्यायामादरम्यान दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. आलं नाही तर व्यायाम बंद करू नका, त्याचं प्रमाण निम्मं करा. पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं किंचित वाढल्यासारखं वाटू शकतं. खरा फरक सहा ते आठ आठवड्यांत कळतो. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून रोज वेगळा व्यायाम करणाऱ्यांना तो सहसा कळतच नाही.

चकती बाहेर येण्याच्या भीतीबद्दल. प्रौढ माणसाच्या चकतीला जवळपास रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण कडेच्या भागांतून झिरपूनच आत जातं, आणि त्यासाठी दाब पडणं आणि सुटणं, म्हणजे हालचाल, उपयोगी पडते. क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम चकती फोडत नाही. खरोखर बाहेर आलेली चकतीही पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं. अनेक अभ्यासांच्या एका आढाव्यात पूर्ण तुटून सुटलेले तुकडे ९६ टक्के वेळा लहान झाले किंवा नाहीसे झाले, बाहेर ओघळलेल्या चकत्या ७० टक्के वेळा. गंमत अशी की नुसता फुगवटा सगळ्यात कमी वेळा, १३ टक्केच आटला. म्हणजे रिपोर्ट जितका भीतीदायक, तितकी तो भाग आटण्याची शक्यता जास्त. तुमचा फुगवटा कदाचित आहे तसाच राहील आणि कंबर तरीही बरी होईल. त्यामुळे दुखणं थांबल्यावर पुन्हा एमआरआय काढून खात्री करायच्या फंदात पडू नका.

आता मशीन. आमच्याकडे येणाऱ्यांच्या अपेक्षा इथेच असतात: दिवे लागावेत, गुदगुल्या करणारा करंट यावा, वीस मिनिटं पडून राहावं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिलीच मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत ट्रॅक्शन, उपचार म्हणून दिलेलं अल्ट्रासाउंड, टेन्स (त्वचेवरून दिलेला हलका करंट) आणि कमरेचे पट्टे देऊ नयेत, असं सुचवलंय. व्यायाम, माहिती-समुपदेशन, वर्तनोपचार, मालिश, मणक्याची हाताने केलेली हाताळणी, सुईचे उपचार आणि सूज कमी करणारी वेदनाशामकं यांना जागा दिलीय. माझा अनुभव याच्याशी जुळतो. मशीनमुळे त्या वेळी बरं वाटतं, यात शंका नाही. पण घरी पोहोचेपर्यंत ते बरं वाटणं बरंचसं ओसरतं आणि पुढचा दिवस पुन्हा टेबलावर जातो. तुमचे दहा-पंधरा बैठकींचे दिवस मशीनमध्ये गेले आणि व्यायाम शेवटच्या पाच मिनिटांत कागदावर देऊन उरकला असेल, तर तुम्हाला फिजिओथेरपी मिळालेली नाही. ती अजून व्हायची आहे.

घरचा शेक मात्र खुशाल घ्या. उष्णतेने नव्या दुखण्यात थोडा, पण खरा आराम पडतो आणि तो घेऊन लगेच दहा मिनिटं चालता येतं. मालिश आणि हाताळणीकडेही मी याच नजरेने पाहते. मणका "जागेवर बसवला" असं कुणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका, तो सुटलेला नसतोच. पण हाताळणीने काही दिवस दुखणं हलकं होतं, आणि त्या मोकळ्या दिवसांत व्यायाम पुढे सरकवता येतो. ठिसूळ हाडं, पायाची वाढती कमजोरी किंवा वर सांगितलेली गंभीर लक्षणं असतील तर झटका देऊन केलेली हाताळणी अजिबात नको.

गोळ्यांचं चित्र गेल्या दहा-बारा वर्षांत बरंच बदललंय. पॅरासिटामॉल हे पिढ्यानपिढ्या पहिलं औषध होतं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात १,६५२ रुग्णांवर चाचणी झाली: नियमित पॅरासिटामॉल, लागेल तसं पॅरासिटामॉल आणि खोटी (औषध नसलेली) गोळी. बरं व्हायला मध्यमानाने लागलेले दिवस १७, १७ आणि १६. म्हणजे कंबरेसाठी फरक शून्य. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्यांनी थोडा फायदा होतो, नव्या दुखण्यात शंभरच्या मापावर सुमारे सात अंकांचा. त्या बदल्यात पोटात व्रण, मूत्रपिंडावर ताण, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका असतो. म्हणून लहान डोस, थोडे दिवस, जेवणानंतर, आणि मूत्रपिंड, हृदय किंवा पोटाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. औषधाच्या दुकानातून पट्ट्याच्या पट्ट्या आणून महिनोन्‌महिने घेणारे लोक मी पाहते. त्यांच्या कंबरेपेक्षा मला त्यांच्या मूत्रपिंडांची जास्त चिंता वाटते.

अफूवर्गीय वेदनाशामकं तुमच्यासाठी नकोतच. २०१८ मध्ये २४० रुग्णांना वर्षभर पाहिलं तेव्हा जुनाट पाठदुखी आणि गुडघे-खुब्याच्या दुखण्यात ती साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत, उलट दुखण्याच्या बाबतीत थोडी मागेच पडली. २०२३ मध्ये नव्या दुखण्यावरही खोट्या गोळीपुढे त्यांचा फायदा दिसला नाही. प्रिगॅबालिन हे नसेचं औषध कंबरेसाठी सर्रास लिहिलं जातं. २०१७ च्या चाचणीत ते सायटिकासाठीसुद्धा, म्हणजे नस दुखावून पायात उतरणाऱ्या कळेसाठीसुद्धा, खोट्या गोळीपेक्षा चांगलं ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. तुमचं दुखणं तर पायात जातच नाही. जर ते चालू असेल तर मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. बी१२ ची इंजेक्शनं रक्तात कमतरता असेल तरच.

इंजेक्शन आणि ऑपरेशन यांची तुलना करायची तर पायात उतरणारं दुखणं वेगळं काढावं लागतं, कारण या दोन्ही उपायांची खरी जागा तिथे आहे. नस दबून पोटरी-पावलापर्यंत कळ जात असेल तर मणक्याच्या पोकळीत दिलेलं स्टिरॉइड काही आठवडे पायाची कळ थोडी कमी करतं. फायदा छोटा आणि अल्पकाळाचा, पण रात्र-रात्र जागणाऱ्या माणसाला तेवढाही मोलाचा असतो. नुसत्या कंबरदुखीसाठी हेच इंजेक्शन, किंवा मणक्याच्या सांध्यांत दिलेलं इंजेक्शन, यांचा भरवसा नाही. तुम्हाला ज्यांनी सुचवलंय त्यांना एवढंच विचारा: "माझ्या तपासणीत कोणती नस दबलेली आढळली?" उत्तरादाखल फक्त एमआरआयवर बोट ठेवलं गेलं, तर थांबा.

ऑपरेशनबद्दल नेदरलँड्समधला २००७ चा अभ्यास मी रुग्णांना नेहमी सांगते. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ लोकांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबवलं आणि गरज पडली तरच केलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर शांत झाला. वर्षाच्या शेवटी मात्र दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, बाकीचे त्याच्याशिवाय सावरले. म्हणजे नसेवरचा दाब, पायातली कळ आणि स्कॅन हे तिन्ही जुळत असतील, तर ऑपरेशन वेळ वाचवतं. पण कायम थांबत राहणंही योग्य नाही: चार ते बारा महिने रेंगाळलेल्या सायटिकामध्ये ऑपरेशनचा निकाल व्यायाम-गोळ्यांपेक्षा बराच सरस असल्याचं २०२० मध्ये कॅनडातल्या चाचणीत दिसलं. पाऊल लटकं पडू लागलं, ताकद दिवसेंदिवस घटतेय, तर आठवडे मोजत बसू नका, सर्जनना लगेच दाखवा.

पायाच्या दुखण्याशिवाय, केवळ झिजलेल्या चकतीसाठी मणके एकमेकांना जोडण्याचं ऑपरेशन हे वेगळं प्रकरण. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांत त्याची तुलना व्यायाम आणि समुपदेशनाच्या सखोल कार्यक्रमाशी झाली. २००५ मध्ये आलेल्या निकालात ऑपरेशनचा ठोस वरचष्मा दिसला नाही आणि गुंतागुंती अर्थातच एकाच बाजूला होत्या. तुमच्यासारख्याला कुणी हे सुचवलं तर दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

एक गोष्ट रुग्णांशी बोलायला अवघड जाते, कारण लगेच "म्हणजे माझ्या मनाचे खेळ आहेत का?" असा प्रश्न येतो. नाहीत. पण झोप मोडलेली असेल, कामावर ताण असेल, वाकलो की काहीतरी तुटेल अशी धास्ती असेल, तर तेच दुखणं जास्त जोरात जाणवतं आणि जास्त दिवस टिकतं. ऑस्ट्रेलियात ४९२ लोकांवर झालेल्या २०२३ च्या चाचणीत फिजिओथेरपिस्टनी रुग्णाची भीती, हालचालीच्या सवयी आणि रोजचं जगणं यांवर एकत्र काम केलं. नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक मोठा होता आणि वर्षभर टिकला. म्हणून पहिल्या भेटीत मी "कुठे दुखतं" याबरोबर "दुखण्यामुळे काय करणं सोडलं" तेही विचारते, आणि व्यायाम त्या यादीवरून ठरवते. तुमचीही यादी लिहून काढा.

तर क्रम असा धरा. तपासणी, मग पर्यवेक्षणाखाली आठ आठवडे व्यायाम आणि चालणं, अडलंच तर शेक आणि थोड्या गोळ्या. आठ आठवडे मनापासून करूनही काहीच हललं नाही तर पुन्हा तपासणी, वर सांगितलेल्या दाहक संधिवाताची शंका तपासणं, आणि शारीरिक-मानसिक दोन्ही बाजू पाहणाऱ्या एकत्रित कार्यक्रमाचा विचार. तिथेही इंजेक्शन लगेच येत नाही.

बरं वाटल्यावर चालणं सोडू नका. कंबरदुखी एकदा बरी झालेल्या दहांपैकी सुमारे सात जणांना वर्षभरात ती पुन्हा गाठते. २०२४ मध्ये अशाच नुकत्या बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला मदत केली, सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी अर्धा तास, हे लक्ष्य ठेवून. पुन्हा दुखणं उपटायला चालणाऱ्यांत मध्यमानाने २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांत ११२. आणि पुन्हा उपटलंच तर पहिल्यापासून सगळं सुरू करायचं नाही: दोन दिवस प्रमाण निम्मं, शेक, मग होतं तिथून पुढे.

तुमचे शेवटचे तीन छोटे प्रश्न. पट्टा: प्रवासात किंवा एखाद्या अवघड दिवशी तास-दोन तास बांधलात तर स्नायू सुकत नाहीत, पण रोजची सवय नको. खुर्ची: महागडी खुर्ची आणून चार तास न उठण्यापेक्षा साध्या खुर्चीतून दर अर्ध्या तासाने उठलेलं बरं, आणि बसण्याची एकच एक "योग्य" पद्धत शोधू नका, बदलत राहा. गादी: कडक फळीवर झोपायचा सल्ला जुना झाला. २००३ मध्ये स्पेनमध्ये ३१३ जणांवर तुलना झाली तेव्हा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला. तुमची सध्याची गादी मधोमध खचलेली नसेल तर बदलायची गरज नाही.